बनियन कुठे घ्यायचा?

१९ ऑक्टोबर १८६४ रोजी, अमेरिकेतलं यादवी युद्ध जोरात असताना, दक्षिणेच्या वीस-एकवीस शिपायांनी अगदी उत्तरेच्या टोकाला, व्हरमाँट राज्यातल्या सेंट ऑल्बन्स गावावर भरदिवसा धाड घातली. त्यांनी तीन बँका लुटल्या आणि दोन लाखांहून जास्त डॉलर घेऊन कॅनडात पोबारा केला. सगळा कारभार तासाभराच्या आत उरकला. पुढे सुमारे एकशेतीस वर्षांनी, १९९३ साली, याच गावाच्या वेशीवर वॉलमार्टचं दुकान काढायचं ठरलं. या वेळी बंदुका नव्हत्या. वकील होते, नकाशे होते आणि पैसा होता. दुकान उघडलं २०१३ च्या ऑक्टोबरात. अर्ज पडला त्या साली जन्मलेलं बाळ उद्घाटनाला स्वतः गाडी चालवत जाऊ शकलं असतं.

मधली वीस वर्षं सुनावण्या चालू होत्या. आधी राज्याच्या पर्यावरण मंडळाने नकार दिला. १९९७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नकार उचलून धरला. काही वर्षं शांततेत गेली. मग नवा अर्ज, नव्या सुनावण्या, नवी अपिलं. आणि २०११ मध्ये त्याच न्यायालयाने होकार दिला. सुमारे सात हजार वस्तीच्या गावात दोन दशकं पुरेल एवढं भांडण एका दुकानाने पुरवलं. दुकानं सहसा माल पुरवतात, तेही उघडल्यावर. याने आधीपासूनच सुरुवात केली.

अमेरिकन माणूस आपल्या जमिनीवर आपण काय वाटेल ते करू, असं मोठ्या अभिमानाने सांगतो आणि शेजाऱ्याने काय करू नये याचं जाडजूड पुस्तक नगरपालिकेकडून छापून घेतो. या पुस्तकाला झोनिंग म्हणतात. इथे घरं, तिथे दुकानं, पलीकडे कारखाने, आणि दोन घरांत अमुक फुटांचं अंतर. या पुस्तकाला कायद्याचं बळ मिळालं ते क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड नावाच्या गावामुळे. तिथे अँबलर रिअल्टी या कंपनीची ६८ एकर जमीन होती आणि कंपनीचा डोळा कारखान्यांवर होता. गावाने १९२२ मध्ये नियम करून त्यातल्या बऱ्याचशा जमिनीवर कारखान्यांना मज्जाव केला. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९२६ मध्ये गाव जिंकलं. न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकालात डुकराचा दाखला दिला. डुक्कर ही मुळात वाईट गोष्ट नाही. ते गोठ्याच्या आवारात असलं तर ठीक, दिवाणखान्यात शिरलं तर उपद्रव. आजही अमेरिकेतल्या प्रत्येक झोनिंगच्या भांडणात हे डुक्कर कुठे ना कुठे फिरत असतं. युक्लिडच्या त्या जमिनीचं पुढे काय झालं? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे कारखाना झाला.

व्हरमाँटने तर या बाबतीत डॉक्टरेट केली आहे. रस्त्याकडेच्या जाहिरात फलकांवर तिथे १९६८ पासून बंदी आहे. महामार्ग आले, त्यांच्यामागून स्कीइंगला येणाऱ्या शहरी पाहुण्यांचे बंगले आले, तसा १९७० मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर डीन डेव्हिस यांच्या कारकिर्दीत ‘ॲक्ट २५०’ हा कायदा झाला. मोठ्या बांधकामाला दहा निकषांची चाळणी लागली: पाणी, हवा, माती, रहदारी, शाळांवरचा भार, निसर्गसौंदर्य, गावाचा आराखडा वगैरे. ही चाळणी धरायला प्रत्येक विभागात तीन सामान्य नागरिकांचं मंडळ. माँटपिलियर ही देशातली एकमेव राज्य-राजधानी अशी की जिच्या हद्दीत मॅकडोनाल्ड्स नाही. ऐतिहासिक वास्तूंची काळजी वाहणारी ‘नॅशनल ट्रस्ट’ ही संस्था दरवर्षी धोक्यात आलेल्या ठिकाणांची यादी काढते. एरवी तिच्यात एखादं चर्च, एखादा पूल, एखादी जुनी वस्ती असते. १९९३ मध्ये तिने अख्खं व्हरमाँट राज्यच यादीत घातलं. धोका कसला, तर मोठ्या दुकानांचा. २००४ मध्ये पुन्हा घातलं. तोवर वॉलमार्ट शिरलं होतं. १९९५ मध्ये बेनिंग्टनला पहिलं दुकान निघालं आणि वॉलमार्ट नसलेलं देशातलं शेवटचं राज्यही संपलं.

आता ही सुनावणी. आपल्याकडे विकास आराखड्यावर ‘हरकती व सूचना’ मागवतात, त्या लोक लेखी देतात, पोच घेतात आणि पोच जपून ठेवतात. तिकडे हरकत तोंडी असते आणि सगळ्यांदेखत असते. वेळ संध्याकाळी सातची, जागा टाउन हॉल किंवा शाळेचं जिम्नॅशियम, खुर्च्या घडीच्या. समोर टेबलामागे पाच-सात बिनपगारी नागरिक. दिवसभर आपापला धंदा करून आलेली ही माणसं. रात्री अकरापर्यंत त्यांना गटाराचा उतार, दिव्याच्या खांबाची उंची आणि पाटीचा आकार या विषयांवर न्याय द्यायचा असतो. बोलणाऱ्याने आधी आपलं नाव आणि रस्ता सांगायचा, मग तीन मिनिटं बोलायचं. तिसरं मिनिट संपल्यावर घंटी वाजते, आणि ती ऐकून आजवर कोणी वाक्य अर्धवट सोडलेलं नाही.

सुरुवात विकासकाच्या माणसांनी होते. त्यांच्याजवळ रंगीत चित्रं असतात. चित्रात दुकान नवं कोरं असतं पण समोरची झाडं वीस वर्षांची असतात. आकाश निळं, माणसं सडपातळ, एका मुलाच्या हातात फुगा. हजार गाड्यांच्या पार्किंगमध्ये चार गाड्या उभ्या. पाठोपाठ ट्रॅफिक इंजिनियर उठतो. तो एका जाड पुस्तकातून सांगतो की एवढ्या चौरस फुटांच्या दुकानाला संध्याकाळच्या गर्दीच्या तासात इतक्या गाड्या येतील, आणि तरीही कोणाला काही जाणवणार नाही. मग सौदा सुरू होतो. मंडळाला दुकान रस्त्यावरून दिसायला नको असतं, म्हणून विकासक मातीचा बांध घालून वर झुडपं लावायला तयार होतो. आणि दुकान दिसत नाही म्हणून पाटी उंच हवी, असं लगोलग सुचवतो. सपाट छताच्या गोदामाला पुढून विटांचं तोंड आणि दोन खोटे त्रिकोणी कौलारू माथे लावले की त्याला ‘स्थानिक वास्तुपरंपरेशी सुसंगत’ म्हणता येतं. अशी सुसंगत गोदामं अमेरिकेत किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत एकसारखी आहेत.

मग गावकरी. डाउनटाउनातला, म्हणजे गावातल्या जुन्या बाजारपेठेतला, हार्डवेअरवाला उठतो आणि आपल्या दुकानात एक खिळासुद्धा सुटा मिळतो हे सांगतो. निवृत्त शिक्षिका उठतात आणि मेन स्ट्रीटवरच्या विटांच्या इमारतींबद्दल बोलतात. त्यांच्यापुढे सगळी सभा ताठ बसते, कारण निम्म्या सभेला त्यांनी शिकवलेलं असतं. बॉस्टन-न्यूयॉर्कहून येऊन स्थायिक झालेला कोणी उठतो आणि आपण हे गाव का निवडलं ते सांगतो. त्याच्यासारख्यांना स्थानिक लोक ‘फ्लॅटलँडर’ म्हणतात, म्हणजे डोंगर नसलेल्या मुलखातला. तो बसतो न बसतो तोच मागच्या रांगेतून दोन मुलांची आई उठते आणि पूर्ण तीन मिनिटंही घेत नाही. तिचं म्हणणं एवढंच: डाउनटाउनात हाताने केलेली सुवासिक मेणबत्ती मिळते, लाकडी खेळणी मिळतात, चार प्रकारचं चीज मिळतं, बनियन मिळत नाही. बनियन कुठे घ्यायचा?

या प्रश्नाने भल्याभल्या चळवळींची पंचाईत केली आहे. तो खोटाही नाही. २००२ मध्ये एम्स ही स्वस्त कपडे आणि घरसामान विकणारी साखळी दिवाळखोर होऊन बंद पडली, तेव्हा ईशान्य अमेरिकेतल्या कित्येक लहान गावांत शाळेच्या मुलाला मोजे घ्यायलासुद्धा शेजारचं गाव गाठायची वेळ आली. मेन स्ट्रीट वाचवणाऱ्यांना सहसा मोजे आणि बनियन यांची चणचण नसते. ते त्यांनी आधीच कुठूनतरी आणलेले असतात. कुठून, हे सभेत विचारायची पद्धत नाही.

मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रीनफील्डने १९९३ च्या ऑक्टोबरात हा प्रश्न थेट मतपेटीत टाकला. वॉलमार्टसाठी जमिनीचं झोनिंग बदलायचं की नाही? नाही, असं गाव म्हणालं. फरक नऊ मतांचा. त्या लढ्याचा सूत्रधार अल नॉर्मन पुढे गावोगाव फिरून वॉलमार्टविरुद्ध लढायचं शिकवू लागला. ज्या डाउनटाउनसाठी हे झालं तिथे विल्सन्स नावाचं डिपार्टमेंटल स्टोअर होतं, १८८२ पासूनचं. ते पुढेही दिमाखात चाललं आणि २०२० मध्ये बंद झालं. गावाच्या माथ्यावर वॉलमार्ट आलं नाही, पण खिशातला फोन कोणत्या झोनमध्ये मोडतो हे कोणत्याच मंडळाला ठरवता आलेलं नाही.

मॉल विरुद्ध डाउनटाउन या नाटकात मोठी गंमत अशी की दोन्ही बाजूंची संहिता एकाच माणसाने लिहिली. व्हिक्टर ग्रुएन हा व्हिएन्नाचा वास्तुशिल्पी. १९३८ मध्ये नाझींपासून पळून न्यूयॉर्कला उतरला तेव्हा त्याच्या खिशात आठ डॉलर होते असं सांगतात. अमेरिकेत माणसं गाडीतून उतरतच नाहीत, हे पाहून तो अस्वस्थ झाला. व्हिएन्नातल्यासारखं लोकांनी चालावं, भेटावं, कॉफी घेत बसावं, म्हणून त्याने मिनेसोटातल्या इडायना गावी साउथडेल हा देशातला पहिला बंदिस्त, वातानुकूलित मॉल बांधला. तो उघडला ८ ऑक्टोबर १९५६ रोजी. आत बाग होती, कारंजं होतं, पक्ष्यांचा उंचच उंच पिंजरा होता. भोवती घरं, शाळा, दवाखाने, तलाव असं आख्खं गाव वसवायचा त्याचा बेत होता. भोवती आलं ते पाच हजार गाड्यांचं पार्किंग. फ्रँक लॉइड राइट पाहायला आले आणि खेड्यातल्या रस्त्याचे सगळे दोष इथे आहेत, गोडवा तेवढा नाही, अशा अर्थाचं सर्टिफिकेट देऊन गेले.

ग्रुएनने लोकांना गाडीतून उतरवलं खरं, पण उतरायला आधी गाडीतून यावं लागत होतं. त्याच १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला. दोन वर्षं आधी करांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन नव्या इमारतींवर सुरुवातीच्या वर्षांतच भरघोस घसारा दाखवता येऊ लागला. मेन स्ट्रीटवरची जुनी इमारत दुरुस्त करण्यापेक्षा गावाबाहेरच्या शेतात नवी उभी करणं हिशेबाला सोपं झालं. गिऱ्हाईक मॉलला गेलं ते हवेशीर बागेसाठी, असं त्याला वाटलं. त्याच्या आधी तिथे सनदी लेखापाल जाऊन आले होते.

डाउनटाउनं ओस पडू लागली, तेव्हा गावं सल्ल्यासाठी कोणाकडे गेली? ग्रुएनकडेच. त्याचा सल्ला: मेन स्ट्रीटवर गाड्या बंद करा, झाडं लावा, बाकं टाका. थोडक्यात डाउनटाउनचाच मॉल करा, वरचं छप्पर काढून. मिशिगनमधल्या कॅलमझूने १९५९ मध्ये हा प्रयोग देशात पहिल्यांदा केला. फ्रेझ्नोने १९६४ मध्ये. पुढे दोनशेच्या आसपास गावांनी केला. बहुतेक ठिकाणी गाड्यांबरोबर गिऱ्हाईकही गेलं, आणि बाकांवर बसून कबुतरं पाहायला जी माणसं उरली त्यांना काही विकत घ्यायचं नव्हतं. कॅलमझूने १९९८ मध्ये काही भागात परत गाड्या सोडल्या, फ्रेझ्नोने २०१७ मध्ये. ग्रुएन म्हातारपणी व्हिएन्नाला परतला, तर त्याच्याच गावाबाहेर एक भला मोठा मॉल उभा राहत होता. मॉलचं पितृत्व त्याने अखेरीस जाहीरपणे नाकारलं. पोटगी देणार नाही असंही सांगून टाकलं.

सुनावणीत निसर्ग, इतिहास, रोजगार, लहान मुलांचं भवितव्य असे विषय निघतात. पण रात्री साडेनऊच्या सुमारास चर्चा जमिनीवर येते आणि ती जमीन पार्किंगची असते. बहुतेक गावांच्या नियमांत किमान पार्किंगचा आकडा लिहिलेला असायचा. मोठ्या दुकानाला दर हजार चौरस फुटांमागे चार-पाच गाड्यांची जागा. वळायची वाट धरून एका गाडीला तीनशे चौरस फूट तरी लागतात. दीड लाख चौरस फुटांचं दुकान म्हणजे साडेसातशे गाड्या, म्हणजे सव्वादोन लाख चौरस फूट डांबर. दुकानापेक्षा गाड्यांची बडदास्त मोठी. हा आकडा वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवसासाठी, नाताळच्या खरेदीसाठी असतो. उरलेल्या दिवसांत निम्मी जागा समुद्रपक्षी वापरतात. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ मध्ये ‘फुकट पार्किंगची महागडी किंमत’ या विषयावर सातशेवर पानांचा ग्रंथ लिहिला. हाच नियम मेन स्ट्रीटवरच्या जुन्या दुकानालाही लागू केला तर पार्किंगसाठी शेजारची दोन दुकानं पाडावी लागतात, आणि अनेक गावांनी ती पाडली. डाउनटाउनात पार्किंगची सोय झाली. गाडी लावून जायला काही उरलं नाही. बफेलो शहराने २०१७ मध्ये किमान पार्किंगची अट रद्द केली, मग इतरांनाही धीर आला.

डाउनटाउनात पार्किंग मिळत नाही, ही तक्रार मात्र अट रद्द करून जात नाही. दुकानासमोर जागा नसली तर अमेरिकन माणूस ‘पार्किंग नाही’ म्हणतो. मॉलमध्ये त्याच्या दुप्पट अंतर डांबरावरून चालत जातो, पण तिथे दरवाजा सारखा समोर दिसत असतो, त्यामुळे ते अंतर धरलं जात नाही.

आणखी एक पात्र नेहमी पडद्याआड असतं: हद्द. व्हरमाँटमध्ये सेंट ऑल्बन्स दोन आहेत. एक सिटी, तिच्यात बाग, विटांच्या इमारती, मेन स्ट्रीट. आणि तिला चारी बाजूंनी वेढून बसलेलं दुसरं, टाउन. कारभार वेगळे, तिजोऱ्या वेगळ्या. दुकान टाउनच्या हद्दीत, म्हणजे मालमत्ता कर टाउनचा; दुकानांच्या रिकाम्या काचा सिटीच्या. रटलंडचंही तेच. तिथे १९९५ मध्ये टाउनच्या हद्दीत डायमंड रन मॉल निघाला आणि सिटीने कपाळाला हात लावला. पण दोन वर्षांनी रटलंडच्या डाउनटाउनात, केमार्ट या दुकानाच्या रिकाम्या जागेत चक्क वॉलमार्ट येऊन बसलं. एरवी वेशीवर जाणारी कंपनी गावात आली आणि टिकली. मॉल मात्र २०१९ मध्ये बंद पडला. या भागात भविष्य सांगणाऱ्या सल्लागारांचे अहवाल पुन्हा वाचायची प्रथा नाही, ते बरंच आहे. सेंट ऑल्बन्सचंही सुनावणीत ठरल्यासारखं झालं नाही. वॉलमार्ट उघडलं त्याच सुमाराला सिटीने मेन स्ट्रीटचे फुटपाथ नव्याने केले आणि बहुमजली पार्किंग बांधलं. डाउनटाउन मरेल असं वीस वर्षं ऐकून त्याला बहुधा ईर्षा चढली असावी.

बर्लिंग्टन हे राज्यातलं सगळ्यात मोठं शहर. शेजारच्या विलिस्टनमध्ये सत्तरच्या दशकात पिरॅमिड नावाच्या कंपनीला मॉल काढायचा होता. १९७८ मध्ये ‘ॲक्ट २५०’ खाली परवानगी नाकारली गेली. बर्लिंग्टनने १९८१ मध्ये चर्च स्ट्रीटवर गाड्या बंद केल्या, आणि देशभर फसलेला ग्रुएनचा प्रयोग इथे मात्र जमला. विद्यापीठ जवळ असेल तर माणसं विनाकारण चालतात. विलिस्टनच्या त्याच टॅफ्ट कॉर्नर्सवर १९९७ मध्ये वॉलमार्ट आणि मंडळी दाखल झाली. एक मॉल नको म्हणून अडवलेल्या जागेत सुट्या सुट्या मोठ्या दुकानांचा मेळा भरला.

डाउनटाउनच्या आत बर्लिंग्टनने स्वतःचाही मॉल बांधून पाहिला होता. तो पाडून नवं भव्य काहीतरी करायचं ठरलं. पाडलं तेवढं वेळेवर झालं. भर शहरात वर्षानुवर्षं एक खड्डा राहिला आणि लोक त्याला ‘द पिट’ म्हणू लागले. बाजूची मेसीज या डिपार्टमेंटल स्टोअरची इमारत रिकामीच होती. तेवढ्यात शहरातल्या हायस्कूलच्या इमारतीत घातक रसायन सापडलं आणि मार्च २०२१ मध्ये हायस्कूल मेसीजमध्ये भरू लागलं. मुलं सरकत्या जिन्याने वर्गात जाऊ लागली. काचसामानाच्या विभागात, जिथे बोन चायनाचे सेट मांडलेले असत त्या दिव्यांच्या कपाटांत, वाचनालयाची पुस्तकं लागली. शेजारच्या साउथ बर्लिंग्टनचं सार्वजनिक वाचनालय तर त्याआधीच युनिव्हर्सिटी मॉलमध्ये जाऊन राहिलं होतं. ग्रुएनला मॉलमध्ये शाळा आणि नागरी जीवन हवं होतं; आलं, फक्त दुकानं निघून गेल्यावर.

साउथ बर्लिंग्टनला मुळात डाउनटाउनच नव्हतं. होता तो मॉल आणि हमरस्ता. म्हणून त्यांनी मॉलजवळ नवा ‘मार्केट स्ट्रीट’ आखला, २०२१ मध्ये त्यावर नगरपालिका आणि वाचनालय बांधलं. विलिस्टननेही टॅफ्ट कॉर्नर्सला चालता येईल असं गाव करायचे नवे नियम केले आहेत. आणि माँटपिलियरशेजारच्या, टेकडीवरच्या बर्लिन गावाने आपल्या १९८६ च्या मॉलचा परिसर हेच आपलं नवं गावकेंद्र म्हणून राज्याकडून रीतसर मंजूर करून घेतलं. जुलै २०२३ च्या पुरात माँटपिलियरचं नदीकाठचं, देखणं, जिवापाड जपलेलं डाउनटाउन पाण्याखाली गेलं. टेकडीवरच्या मॉलला पुराचं भय नाही. आता या दर्जाप्रमाणे मॉलभोवती अरुंद रस्ते हवेत, फुटपाथ हवेत, दुकानांच्या वर राहती घरं हवीत, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची मेन स्ट्रीट, या वेळी पार्किंगच्या डांबरावर. रंगीत चित्रं तयार होतील, त्यात झाडं वीस वर्षांची असतील. नव्या रस्त्यापायी मॉलच्या पार्किंगमधल्या किती जागा जाणार, हा प्रश्न सुनावणीत कितव्या मिनिटाला निघेल, एवढंच काय ते ट्रॅफिक इंजिनियरने सांगायचं बाकी आहे.